बठ्ठा शेतस का?

जळगावात नानांच्या घरी भाड्याने राहायला गेलो, त्या पहिल्याच संध्याकाळी आमची हजेरी घेतली गेली. सामान अजून खोक्यांत होतं, गॅस जोडलेला नव्हता, आणि दिवेलागणीला खालच्या ओट्यावरून दणदणीत आवाज आला, "बठ्ठा शेतस का?"

खालून एक बाई म्हणाली, "शे." मागच्या खोलीत राहणारा कॉलेजचा विद्यार्थी म्हणाला, "शे." मग शांतता पसरली. ती शांतता आमच्या वाटणीची आहे हे कळायला मला जरा वेळ लागला. आवाज पुन्हा आला, या वेळी मान वर करून. माझा नवरा गॅलरीत गेला आणि अदबीने म्हणाला, "काही हवंय का, नाना?"

"काही नको. शे म्हना फक्त."

माझं माहेर सांगलीकडचं. बठ्ठा म्हणजे सगळे आणि शे म्हणजे आहे, एवढी अहिराणी मी त्या संध्याकाळी शिकले. पुढे बरीच शिकले, पण खरी कामाला आली ती एवढीच.

नाना मूळचे धुळ्याकडच्या एका खेड्यातले. तरुणपणी जळगावात येऊन त्यांनी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान टाकलं. चालू मोटारीवरून गिऱ्हाइकाशी बोलायची सवय लागल्यामुळे बंद खोलीतही ते शेताच्या पलीकडच्या बांधावर ऐकू जाईल असं बोलत. दुकानाच्या कमाईवर त्यांनी थोडंथोडं करत घर बांधलं, वर दोन बिऱ्हाडांची सोय केली, आणि त्यानंतर आयुष्यभर ते जगाकडे घरमालकाच्या नजरेने पाहत राहिले.

कुठेही गेले तरी आधी ते भिंतीपाशी जात. बोट वाकवून टकटक करत, कान तिरका करून ऐकत आणि निकाल देत. निकाल दोनच: "पक्कं" किंवा "पोकळ". बँक, देवळाचा सभामंडप, डॉक्टरांची खोली, कशालाच यातून सूट नव्हती. एकदा गावातल्या एका पुढाऱ्याच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. दारात दोन बाजूंना संगमरवरी खांब, त्यांवर वेली कोरलेल्या. भटजी मंत्र म्हणत होते, पाहुणे खांबांची स्तुती करत होते. नानांनी टकटक केली आणि मंत्रांच्या वरताण आवाजात सांगितलं, "पोकळ शे." यजमानांनी हसून घेतलं. पुढच्या समारंभाचं बोलावणं मात्र आलं नाही. नानांना त्याचं काही वाटलं नाही. अक्कांना वाटलं, कारण तिथली दालबट्टी चांगली होती.

अक्का म्हणजे नानांच्या पत्नी. संध्याकाळच्या हजेरीचं मूळ मला त्यांनीच सांगितलं, वाळवणाच्या बिबड्या उलटता उलटता.

"लग्नाला थोडी वर्षं झालती. सगळं भाऊबंद टेम्पोत घालून मुक्ताईच्या दर्शनाला गेलतो. निघताना यांनी मुंडकी मोजली. बरोबर भरली. मी मात्र मागे परसाद घ्यायला थांबलेली."

"मग बरोबर कशी भरली?"

"भुसावळला उतरायचं म्हनून एक पाव्हना चढेल व्हता. तो माझ्या जागेवर मोजला गेला. भुसावळला तो उतरला बी. कोनाला पत्ता नही. हे घरी पोचले, हातपाय धुतले, ओट्यावर बसले आन् म्हने, चहा ठेव. तव्हा कळलं, ठेवनारी मुक्ताईपाशी शे."

"अहो, मग तुम्ही काय केलंत?"

"मी? पुन्हा दर्शन घेतलं. पहिल्यांदा निवांत झालं."

नाना ओट्यावरून ओरडले, "मोजनी बरोबर व्हती!"

हा त्यांचा एकमेव बचाव. पण त्या दिवसापासून त्यांचा मोजण्यावरचा विश्वास उडाला तो कायमचा. "मुंडकं कोनतंबी राहस," ते म्हणत. "आवाज ज्याना त्याना राहस." मग घरात, लग्नात, शेतात, बसमध्ये, जिथे म्हणून आपली माणसं एकापेक्षा जास्त असतील तिथे नाना उभे राहून विचारत, आणि प्रत्येकाने आपल्या तोंडाने शे म्हणायचं. मुलांनी हातही वर करायचा. दुसऱ्याने दुसऱ्याच्या वतीने म्हटलेलं चालत नसे. एकदा मी भाजी फोडणीला टाकत होते म्हणून नवऱ्याने माझंही शे म्हणून टाकलं, तर नाना जिना चढून वर आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून माझ्या तोंडून ते वदवून घेऊन गेले. मला ते लष्करी वाटे. माझ्या मुलांना मात्र तो दिवसातला सगळ्यात आवडता खेळ होता. धाकटी तर बोलायला लागली तीच मुळी आई, पाणी आणि शे या क्रमाने.

दिल्लीला जायचं आमचं नाताळच्या सुट्टीत ठरलं. थोरला तिसरीत, धाकटी बालवाडीच्या मोठ्या गटात. मुलांना देशाची राजधानी दाखवावी असा नवऱ्याचा आग्रह. तो इंजिनिअर आहे, त्याला मोठी बांधकामं पाहिली की देशाविषयी बरं वाटतं. मी निघण्याआधी शिष्टाचार म्हणून म्हटलं, "चला की नाना, तुम्ही पण." खान्देशात असं नुसतं म्हणायचं नसतं. लोक येतात.

नानांच्या पिशवीत दशम्या होत्या, लसणाची चटणी होती आणि भरताची हिरवी वांगी होती. "दिल्लीत ही वांगी भेटत नहीत," हे कारण. ती दिल्लीत भाजायची कुठे, याचा विचार त्यांनी केला नव्हता. तो हॉटेलच्या आचाऱ्याने केला. त्याने ती तंदूरमध्ये लावली आणि अक्कांनी त्याच्याच ओट्यावर उभं राहून भरीत केलं. आचाऱ्याने बोट चाटून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या टेबलावर न मागता दही आलं. राजधानीतला आमचा पहिला राजनैतिक विजय तोच, आणि शेवटचाही.

हॉटेलबाहेरच्या फेरीवाल्याकडून नवऱ्याने दोन्ही मुलांना लालभडक लोकरीच्या टोप्या घेतल्या. "हे बघा," तो मुलांना म्हणाला, "गर्दी असणार. लाल टोपी दिसेल तिथेच राहायचं. कळलं?" मुलांनी माना डोलावल्या. मला म्हणाला, "आता कुठूनही दिसतील. सतत विचारत बसायला नको." शेवटचं वाक्य नानांना उद्देशून होतं. नाना माकडटोपी घालून धुक्याकडे पाहत होते. त्यांनी ते ऐकलं नाही किंवा न ऐकल्यासारखं केलं.

लाल किल्ल्यावर त्यांनी पहिल्याच भिंतीवर टकटक केली. शिपायाने शिट्टी वाजवली. "पक्कं शे," नाना त्याला आश्वासन देत म्हणाले. आमच्या वाटाड्याने खांबांच्या दालनात उभं राहून भारावल्या आवाजात सांगितलं, की इथे बादशहा सिंहासनावर बसून प्रजेच्या तक्रारी ऐकत असत. नानांनी विचारलं, "ऐकके करते क्या थे?" वाटाड्या गोंधळला. नाना आम्हाला म्हणाले, "ऐकतो तर मी बी. गळती काढनं वेगळी गोष्ट शे."

तिथेच एका शाळेची सहल होती. सगळ्या पोरांच्या डोक्यांवर टोप्या आणि टोप्या लालच. दिल्लीत त्या हिवाळ्यात बहुधा एकाच रंगाची लोकर आली असावी. त्यांच्या बाई शिडशिडीत, गळ्यात शिट्टी. त्या "बैठो!" म्हणाल्या की अख्खी रांग धपकन खाली बसे, "खड़े!" म्हणाल्या की उभी राही. माहिती सांगायची वेळ आली की बैठो, संपली की खड़े. पोरांना बादशहा किती कळला सांगता येत नाही, पण बसणं पक्कं झालं होतं. नाना कौतुकाने पाहत राहिले. "बाईचं काम चांगलं शे," म्हणाले. "पन ती बी मोजस." बाई खरोखरच बोट नाचवत टोप्या मोजत होत्या.

दुपारी टॅक्सीतून राष्ट्रपती भवन लांबून पाहिलं. नाना बराच वेळ काचेला नाक लावून होते. "भाडेकरू पाच वर्षांनी बदलस ना? बरं शे. टायमावर खाली करस का?" टॅक्सीवाल्याने, करतात, असं सांगितलं. नानांना हेवा वाटलेला दिसला. जुनी संसद पाहून मात्र ते हळहळले. "गोल घर बांधू नये. कपाट भिंतीला लागत नही."

मी त्या शहराकडे जरा संशयानेच पाहत होते. रुंद रस्ते, उंच कमानी, पायऱ्यांमागून पायऱ्या. राज्यकर्ते बदलतात, पण राजधानी बांधण्यामागचा हेतू बदलत नाही: समोर उभा राहिलेला माणूस लहान दिसला पाहिजे. आमची धाकटी तर मुळातच लहान होती.

इंडिया गेटच्या हिरवळीवर आम्ही टेकलो. अक्कांचे गुडघे बोलायला लागले होते. नाना स्वच्छतागृह शोधायला गेले ते लवकर परतेनात. आम्ही शेंगदाणे खात होतो, मुलं थोड्या अंतरावर साबणाचे फुगे उडवणाऱ्यापाशी होती, नवरा कमानीचे फोटो काढत होता. मैदानावर अर्धी दिल्ली लोटली होती. सकाळची ती शाळाही होती.

नाना आले. बसण्याआधीच त्यांनी विचारलं, "बठ्ठा शेतस का?"

"शे," अक्का म्हणाल्या. "शे," मी म्हणाले. नवऱ्याने फोनमधून डोकं वर काढलं नाही. "आहेत हो, नाना. दोन्ही टोप्या दिसतायत मला."

"टोप्या मी इचारल्या नही."

ते पुन्हा म्हणाले, आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले. फुगेवाल्यापासून थोरल्याने हात वर केला, "शे!" त्याच्या शेजारच्या लाल टोपीनेही वळून पाहिलं. पुढचा दात पडलेली, गालावर कँडीचा गुलाबी डाग असलेली एक गोड मुलगी. आमची नव्हती.

त्या क्षणाचं वर्णन मला आजही नीट करता येत नाही. मी उठले एवढं आठवतं. थोरल्याला विचारलं तर तो म्हणाला, "इथेच होती, आत्ता." मी तिचं नाव घेऊन हाका मारू लागले, आणि लक्षात आलं की त्या मैदानात प्रत्येक आई कुणाला ना कुणाला हाका मारत होती. माझी हाक त्यात मिसळून जात होती. नवरा पोलिसाकडे धावला. पोलीस भला माणूस होता. त्याने लगेच वही काढली नाही, खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "बच्ची ने पहना क्या है?"

"लाल टोपी," नवरा म्हणाला.

पोलिसाने मैदानावरून नजर फिरवली. नवऱ्यानेही फिरवली. जिथे पाहावं तिथे लाल टोप्या होत्या. माझ्या नवऱ्याचा चेहरा मी तसा त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

नानांनी माकडटोपी काढली, घडी घालून अक्कांच्या हातात दिली. दिव्याच्या खांबाभोवती सिमेंटचा कठडा होता, त्यावर ते चढले. खाली दोन माणसं काहीतरी म्हणाली, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. दोन्ही हात तोंडाशी धरून, जळगावातल्या सगळ्या मोटारी एकदम चालू असल्यासारखा आवाज लावून ते ओरडले,

"बठ्ठाऽऽ शेतस काऽऽ?"

आणि जे झालं ते फक्त दिल्लीतच होऊ शकलं असतं. रस्त्याच्या कडेला त्या शाळेची रांग बसमध्ये चढायला उभी होती. मोठ्या माणसाचा हुकमी आवाज आला, त्यातलं पहिलं अक्षर ब आणि मधे ठ. दिवसभर बसून बसून तयार झालेली ती पोरं. 'बठ्ठा'चं 'बैठो' झालं आणि अख्खी रांग एकसाथ धपकन खाली बसली. बाई चमकून इकडेतिकडे बघू लागल्या, की आपलं काम कोण करतंय.

"ती पाहा," अक्का म्हणाल्या. "ती उभी शे."

बसलेल्या रांगेत एकच लाल टोपी उभी होती. हात वर. एवढ्या लांबून आवाज येत नव्हता, पण तोंड कसं हललं ते मला दिसलं. मी धावले. मला वाटतं मी कुणाच्या तरी भेळेवर पाय दिला.

धाकटी रडत नव्हती. तिला आपण हरवलो आहोत हेच ठाऊक नव्हतं. लाल टोपी दिसेल तिथे राहा, असं बाबाने सांगितलं होतं, तशी ती राहिली होती. लाल टोप्या निघाल्या, ती निघाली. मागून धापा टाकत आलेल्या नानांकडे पाहून ती कपाळाला आठ्या घालत म्हणाली, "मी तर शे. तुम्ही आज उशिरा विचारलं."

बाई सारख्या म्हणत होत्या, "लेकिन मैंने तो गिने थे. पूरे थे." गिनती खरोखरच पुरी होती. त्यांची दात पडलेली मुलगी आमच्याकडे फुगे पाहत होती आणि तिच्या जागेवर आमची उभी होती. आणखी थोड्या वेळाने बस निघाली असती, आणि दोन्हीकडच्या टोप्या बरोबर भरल्या असत्या. थोरला त्या मुलीचा हात धरून तिला घेऊन आला तेव्हा बाईंचा चेहरा पांढरा पडला. नाना त्यांना म्हणाले, "मोजनी बरोबर व्हती, बाई. मोजनी बरोबरच राहस." बाईंना अक्षरही कळलं नाही, तरी त्यांनी दोन्ही हात जोडले.

मग रस्त्याच्या कडेला चहाची टपरी होती तिथे आम्ही गेलो. नाना बाकावर बसले. टपरीवाल्याने विचारलं, "कितनी चाय?" नानांनी हाताने त्याला थांबवलं. मान वळवून अक्कांना म्हणाले, "तू शे ना?"

"शे," अक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "चहाच्या आधी इचारलं. सुधारले."

त्या दिवशी पहिल्यांदा मी रडले, आणि हसतही होते, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही असं मी धरून चालते.

परतीच्या गाडीत मी नानांचे आभार मानायला बसले. वाक्यं जुळवली होती, आम्ही शिकलेली माणसं जुळवतो तशी. नाना ऐकत होते. संपल्यावर खरोखर न कळून म्हणाले, "कसाले? मी ते रोजच इचारस." आणि मला खिडकीकडे सरकायला सांगून त्यांनी दशमीचा डबा उघडला. आभार तसेच राहिले. ते कुठेतरी ठेवायला हवेत, म्हणून हे लिहिते आहे.

नवऱ्याने त्या दिवशी काढलेला एक फोटो आमच्या बैठकीत आहे. मागे भव्य कमान, पुढे साबणाचे फुगे आणि लाल टोप्या घातलेली दोन मुलं. पाहुणे म्हणतात, किती छान आली आहेत दोघं. त्यातला एक आमचा आहे. दुसरी कुठे असेल कोण जाणे. आता तिचा दात आला असेल.

आम्ही हल्ली जळगावातच दुसऱ्या भागात, आमच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. नाना वास्तुशांतीला आले, सगळ्या भिंतींवर टकटक करून गेले. स्वयंपाकघर पक्कं निघालं. बैठकीच्या खोलीबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि मी विचारलं नाही. धाकटी आता नववीत आहे. संध्याकाळी क्लासहून सायकल घेऊन ती अधूनमधून परस्पर नानांकडे जाते. मी रागावले तर म्हणते, "हजेरी लावून आले."

परवा मीही तिच्याबरोबर गेले. वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं आहे, एक तरुण जोडपं. दिवेलागणीला नाना ओट्यावर उभे राहिले, कठड्याला धरून. आवाज बराचसा तसाच आहे. कान मात्र गेले आहेत, यंत्र लावायला ते तयार नाहीत. म्हणतात, त्यात सगळ्यांचे आवाज सारखेच येतात.

"बठ्ठा शेतस का?"

गॅलरीतून ती नवी मुलगी वाकून हळूच मला म्हणाली, "ताई, हे रोज असतं का?"

"रोज. शे म्हणा."

"पण त्यांना तर ऐकू येत नाही ना?"

"तरी म्हणा."

ती म्हणाली. तिचा नवरा म्हणाला. मी म्हणाले, मागच्या बाजूच्या बिऱ्हाडापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले. धाकटीने हात वर केला. एवढी उंच झाली तरी ती अजून हात वर करते. नाना सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होते, एकेका ओठावर थांबत. शेवटी ते अक्कांकडे वळले. अक्का खुर्चीत बसल्या होत्या, त्यांनी नानांचा हात आपल्या हातात घेतला आणि दाबला.

मगच नानांनी चहा मागितला.